पार्बताकाकूंचं पान

वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात मला वीट आलाय तो पोस्ट आणि पान यांतला फरक सांगण्याचा. पोस्टवर तारीख असते, नवी आली की जुनी खाली जाते. पानावर तारीख नसते, ते जिथल्या तिथे राहतं. एवढंच. पण पातूरच्या भगवंतकाकांना हे मी अकोल्यातून फोनवर किती वेळा सांगितलं, देव जाणे.

काकांची फुलशेती. झेंडू-शेवंतीचा भाव ते रोज साइटवर टाकतात, त्या सगळ्या पोस्ट. भादव्यात पार्बताकाकू गेल्या. हार त्याच ओवायच्या, गिऱ्हाइकं ओळखायची तीही त्यांनाच. काकांनी निधनाची बातमी फोटोसकट टाकली, रोजचा भाव टाकतात तशीच. मग फोन आला.

"वर्षाली, पार्बता दिसून नाही राहिली."

"खाली गेली ती पोस्ट, काका. वर नवे भाव आले ना."

"भाव तर मीच टाकले. म्हंजे मीच तिले झेंडूखाली दाबलं? वर आण तिले, पोरी."

समजावून सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मी बातमीचं पान केलं, साइटच्या माथ्यावर लावलं आणि सुटले एकदाची.

दिवाळीनंतर पुन्हा काकाच. आवाज पार बसलेला.

"रोज कोनी ना कोनी फोन करते. काल नांदगाव खंडेश्वरचा एक मानूस रडला. त्याले वाटलं, आत्ताच गेली. तारीखच नाही न त्यावर! ताप कसा आला, दवाखान्यात कसं नेलं, सारं पहिल्यापासून सांगा लागते. रोज मरून राहिली ती माह्यासाठी. थकलो वं मी."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "बातमी परत पोस्टमध्ये टाकते. पण ती खाली जाईल, काका."

"जाऊ दे," काका म्हणाले. "पान मात्र ठेव. त्यावर फोटो ठेव, अन् लिही, पार्बताबाईच्या हातचे हार. दुसरं काई नोको."

मी तसं केलं.

लग्नसराईत भावाच्या लग्नाचे हार सांगायला पातूरला गेले. काका ओसरीवर शेवंतीच्या ढिगापाशी बसून स्वतः हार ओवत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बार्शीटाकळीची कुणी बाई काकूंना मागत होती, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"वावरात गेली हाये," काका म्हणाले. "सांगतो तिले."

फोन खाली ठेवून त्यांनी अर्धा हार मांडीवर ओढला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिच्यासारखा नाही होत," ते म्हणाले. "पन कोनी वापस नाही केला अजून."