मापाचा माणूस

घड्याळजींनी एक गोळी चिमट्यात धरून खिडकीकडे नेली आणि डोळ्याला भिंग लावलं. बारीक, पांढरी, गोल. मधोमध एक अक्षर उमटवलेलं होतं. त्याच खणातली दुसरी उचलली. ती कोरी होती. तिसरीही कोरी. चौथीवर पुन्हा अक्षर.

"म्हटलं ना बाबा," शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली. संध्याकाळी ती भेटायला आली होती आणि सहज आईच्या औषधांचा डबा उघडून बसली होती. "एकाच खणात दोन प्रकारच्या आहेत. यातली शुगरची कुठली?"

त्यांनी शेजारचा खण उघडला. तिथेही तीच सरमिसळ.

चाळीस वर्षं त्यांनी घड्याळांचे मोहरीएवढे स्क्रू हाताळले होते. मोतीबिंदूपायी दुकान बंद झालं, तेव्हा बायकोच्या औषधांचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलं. पाकिटं फोडायची, सगळ्या गोळ्या पांढऱ्या फडक्यावर ओतायच्या, मापाने निवडून सुट्या भागांच्या जुन्या डब्यात खणवार भरायच्या आणि पाकिटं कचऱ्यात टाकायची. "नाव काय, कोणीही छापतं. माप खोटं बोलत नाही," असं ते ऐटीत सांगत. सोमवारी औषधवाल्याने शुगरची गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. ती नेमकी बीपीच्या गोळीच्या मापाची निघाली. केसभर फरक जाणवतोय असं समजून त्यांनी दोन ढीग केले होते. स्वतःचीच फसगत, दुसरं काय!

आज रविवार. सहा दिवस झाले, रोज सकाळी दोन पांढऱ्या गोळ्या. एखाद्या दिवशी दोन्ही शुगरच्याच पोटात जाऊन साखर एकदम उतरली असेल तर?

"आई केव्हापासून झोपलीय?" मुलीने विचारलं.

"जेवल्यापासून."

"एवढा वेळ?"

घड्याळजी उठलेच. मुलगी डॉक्टरांना फोन लावेपर्यंत ते आतल्या खोलीच्या दारात पोचले होते. बायको कुशीवर पडली होती. पांघरूण हलतंय की नाही, ते त्यांना दिसेना. कानाशी धरून घड्याळाचा आजार ओळखणारा माणूस, पण बायकोचा श्वास त्यांना ऐकू येईना. जवळ जाऊन कपाळाला हात लावायचा होता, तोही पुढे जाईना. कपाळ गार लागलं तर, या भीतीने ते जागीच खिळले.

"डॉक्टर म्हणतात, आधी उठवा आणि शुगर बघा," मुलगी मशीन घेऊन आली. "डब्यातलं आता काही द्यायचं नाही. आई! ए आई!"

हाक दोनदा गेली, तिसऱ्यांदाही गेली. मग पांघरूण हललं.

"काय गं, आग लागलीय का कुठे?"

घड्याळजी खुर्चीत बसले. मुलीने आईच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला. नेहमीसारखाच.

"सहा दिवस उलटसुलट गोळ्या घेऊन?" मुलगी चक्रावली.

आई एकदा मुलीकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. मग उशीखालून तिने चष्म्याचं घर काढलं. आत पांढऱ्या गोळ्या होत्या.

"पहिल्याच दिवशी अक्षर दिसलं मला. दोन्हींवर तेच, म्हणजे दोन्ही एकाच औषधाच्या. तुझ्याकडे राहायला आले होते ना, तेव्हाच्या जुन्या स्ट्रिपा पिशवीतच होत्या. त्यातल्या घेत होते."

"मग बाबांना सांगायचं की!"

"दुकान गेलं. आता हा डबाही काढून घेऊ?"

घड्याळजींनी गोळ्या तळहातावर घेतल्या. बोटाने एकेक सरकवली. दहा.

"बारा हव्यात," ते म्हणाले.

बायको चादरीची सुरकुती नीट करत राहिली.

"शुक्रवारी तुम्ही हलेचनात समोरून. पेला रिकामा होईपर्यंत उभे होतात."

शुक्रवार. त्याच दुपारी साखरेची बरणी तिच्या उशाशी सापडली होती. शुगरची पेशंट आणि साखरेची चोरी, म्हणून त्यांनी चाळभर हसून सांगितलं होतं, शेजारणीलासुद्धा.

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. मुलीने पिशवीतून जुनी स्ट्रिप शोधून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी फोडली नाही. तशीच बायकोच्या डोळ्यांसमोर धरली.

"नाव वाच," ते म्हणाले. "मोठ्याने."