शिळा उजेड

“उजेड शिळा झालाय,” बाबा म्हणाले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. पलंगासमोरच्या काचेच्या टाकीवर सहाच्या सहा ट्यूब पेटलेल्या होत्या, चार पांढऱ्या आणि दोन निळ्या. ट्यूबमामाने वाकून एकेक पाहिली. एकही फडफडत नव्हती की टोकाला काळवंडली नव्हती.

“शिळा म्हणजे काय, बाबा?”

“शिळा म्हणजे शिळा.” बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ट्यूबमामा हे त्याचं इस्पितळातलं नाव. एकतीस वर्षं तो तिथे वायरमन होता, आणि त्याचं खरं नाव हजेरीपटापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. वॉर्डात पाऊल टाकताच कुठल्या ट्यूबचा चोक गुणगुणतोय हे तो कानाने सांगायचा. अशा माणसाला घरच्या दिव्यांबद्दल ऐकून घ्यावं लागणं म्हणजे जरा जास्तच झालं.

बाबांचं आयुष्य जहाजाच्या इंजिनखोलीत गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. मग ते दिवसचे दिवस छताकडे बघत पडून राहायचे. “त्यांना समुद्र हवाय,” मामाची बायको म्हणाली होती, “आणा समुद्र घरात.” म्हणून ही खाऱ्या पाण्याची टाकी आली. आधी मासे आले आणि त्यांच्यामागून जिवंत प्रवाळ. एक मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, एक हाताच्या बोटांसारखं, काही अळंब्यांसारखी. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि त्यावर प्रवाळ जगतं. हे सगळं मामाला वाचून पाठ होतं. पण दीड-दोन महिन्यांपासून प्रवाळ मळकट तपकिरी पडलं होतं आणि धड फुलत नव्हतं. त्याने पाणी तपासलं, मीठ तपासलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

बायको त्याच इस्पितळात डोळ्यांच्या विभागात नर्स होती. तिने सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीवरून नेऊन तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी चांगली नजर फार कमी बघायला मिळते.

“माझे नाही बिघडले डोळे,” घरी आल्यावर बाबा एकेक शब्द जुळवत म्हणाले. “तुझे बिघडले.”

बायकोने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मामाला मात्र ते लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑपरेशन थिएटरमधलं उजेड मोजायचं यंत्र एका संध्याकाळपुरतं मागून आणलं. टाकीवरच्या ट्यूबखाली धरलं. मग तशीच कोरी ट्यूब लावून तेवढ्याच अंतरावर धरलं. जुनीचा उजेड निम्म्याहून थोडाच जास्त भरला. त्याने पुन्हा मोजलं. आकडा तोच.

तो खाली फरशीवर बसला. जन्मभर ट्यूबचे दोनच प्रकार त्याला माहीत होते, पेटणारी आणि न पेटणारी. पेटलेली ट्यूब आतून थकत जाते आणि माणसाची नजर त्या थकण्याला सरावते, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यात झाकणाच्या काचेवर खाऱ्या शिंतोड्यांची साय धरली होती. ट्यूबवरचं लाकडी खोकं आतून काळं असल्याने अर्धा उजेड तिथेच मुरत होता.

“बाबा, तुमचं बरोबर होतं.”

बाबांनी नुसती भुवई उचलली.

सुट्टीच्या दिवशी मामा कामाला लागला. काच व्हिनेगरने पुसून लख्ख केली. चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून प्रत्येक ट्यूबमागे पन्हळ बसवली, म्हणजे वर जाणारा उजेडही खाली वळेल. आणि सहाही ट्यूब एकदम नव्या घातल्या. बटण दाबलं तशी खोली उजळून निघाली. बाबा वाकड्या ओठांनी हसले. बायको दारातून म्हणाली, “अहो, आता इथे गॉगल लावून यावं लागणार.”

तिसऱ्या दिवशी बोटांसारख्या प्रवाळाची टोकं पांढरी पडली. पाचव्या दिवशी ते मुळापर्यंत पांढरं झालं. मेंदूसारखं आक्रसून दगडाला चिकटलं.

“ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी काढतो ना,” रात्रीचं जेवण वाढताना बायको म्हणाली, “तेव्हा आम्ही खिडकीचे पडदे एकदम बाजूला सारत नाही. इतके महिने अंधारात काढलेल्या जिवाला तुम्ही भर दुपारी उन्हात उभं केलंत.”

जेवण होताच मामा उठला. खिडकीला लावतात त्या मच्छरजाळीचे चार तुकडे त्याने कापले आणि चवड करून टाकीच्या झाकणावर पसरले. दर आठवड्याला एक काढायचा, असं ठरवलं.

बोटांसारखं प्रवाळ वाचलं नाही. ते बाहेर काढून तो पलंगापाशी आला.

“माझ्या घाईने गेलं, बाबा.”

बाबांनी डावा हात पुढे केला. तो पांढरा सांगाडा तळव्यावर घेऊन त्यांनी अंगठ्याने चाचपला.

“मी पण केली होती,” ते म्हणाले. “घाई. थंड पाइपात... वाफ एकदम सोडली. पाइप फुटला. बाजूला उभ्या सोबत्याचा हात... भाजला. कोपरापर्यंत.”

मामा पलंगाच्या कडेवर टेकला. “इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत.”

“तू लहान होतास. मग मोठा झालास.” त्यांनी दम घेतला. “दर सुट्टीत त्याच्या घरी जायचो मी. त्याने एकदाही... बोल लावला नाही.”

मग ते पुष्कळ बोलले. अडखळत, शब्द शोधत, मध्येच पाणी मागत. ज्याचा हात भाजला तो गाणारा होता, एवढंही मामाला त्या दिवशी कळलं.

पहिली जाळी निघाली, दुसरी निघाली. तिसरी निघाली तेव्हा अळंब्यांच्या कडेला जांभळी झाक आली. चौथी काढली त्या दिवशी मामा कामावरून आला तर मेंदूसारखं प्रवाळ टम्म फुगलं होतं, हिरवंगार, आणि त्याच्या वळ्यांतून बारीक बारीक तंतू बाहेर पडून पाण्यात डोलत होते.

सवयीने त्याची मान वर, ट्यूबकडे गेली.

“वर काय बघतोस?” बाबा म्हणाले. त्यांनी चांगला हात टेकवून लुळं अंग भिंतीकडे ओढलं आणि पलंगावर वीतभर जागा केली. “बस इथे.”

डब्याची पिशवी मांडीवर घेऊन मामा बसला.