रसाची कंपनी

देवाजी रामटेके अट्टल खोटं बोलायला लागले ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. त्याआधी बोललेच नव्हते असं नाही, पण ते आपलं चिल्लर. हे मात्र ठोक होतं आणि नऊ वर्षं चाललं. नंदिनी तिकडे ऑस्ट्रेलियात काय करते असं कोणी विचारलं, की ते सांगत, रसाच्या कंपनीत आहे, द्राक्षाच्या. रस तर होताच. त्या रसाचं पुढे काय होतं, तेवढंच ते गिळून टाकत. त्यांची लेक टास्मानिया नावाच्या थंडगार बेटावर वाइन बनवत होती.

दुसऱ्या एखाद्या बापानं हे मिशीला पीळ देऊन सांगितलं असतं. देवाजींना कसं जमणार? विहाराचं सगळं पाहणाऱ्या बायजाबाईंच्या जोडीनं अकरा महिने धरणं धरून त्यांनी वस्तीतलं दारूचं दुकान उठवलं होतं. बायजाबाईंचा नवरा त्याच दुकानापायी गेलेला. पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, देवाजी विहारात सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणत. अशा माणसानं काय तोंडानं सांगावं, की माझी पोरगी वाइन करते म्हणून?

द्राक्षांचा हंगाम उरकून नंदिनी यंदा बुद्धपौर्णिमेला घरी आली आणि तिथेच घोटाळा झाला. विहारात तिचा सत्कार करायचं बायजाबाईंनी ठरवलं. शाल त्यांनी स्वतः गांधीबागेच्या बाजारातून आणली. बापानं दोन शब्द बोलावे, असंही ठरलं. आदल्या दिवशी त्या नंदिनीला रस्त्यात भेटल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, की पोरी, तुझ्या रसाच्या कंपनीचं नाव काय वं? नंदिनीला क्षणभर काही कळलंच नाही. कळलं, तेव्हा ती सरळ घरी आली.

ती आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. कूलरसमोर बसलेल्या बापाला तिनं शांतपणे सांगितलं, "बाबा, उद्या तुम्ही रसाची कंपनी म्हणाले, तर मी तिथूनच उठून एअरपोर्टवर जाईन. अन् मग पुन्हा येणार नाही."

मग तिनं फ्रिजच्या मागच्या कप्प्यातून एक बाटली काढली. शार्डोने नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, पिंपं निवडण्यापासून सगळं पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हातची. देवाजी ताडकन उठले. हे घरात काहून आणलं, म्हणून गरजले. नंदिनी म्हणाली, पिऊ नका, नुसता वास घ्या. वासाला कोणत्या शीलात बंदी आहे ते दाखवा.

आता वास म्हटल्यावर देवाजी अडकले. लकडगंजच्या आरामशीनवर, लाकूड कापायच्या गिरणीत, त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. ओंडक्याचा नुसता ताजा काप नाकाशी धरून ते सांगत, झाड कुठलं, किती मुरलं, आत कीड आहे का. मालक बदलले, पण देवाजींच्या नाकावर कोणी शंका घेतली नाही. लेकीनं चहाच्या काचेच्या ग्लासात बोटभर वाइन ओतली आणि म्हणाली, थोडी थांबू द्या, फार गार असली की वास दबतो. नागपूरच्या मे महिन्यात तिला कितीसं थांबावं लागणार!

देवाजींनी नाक खाली नेलं. आधी लिंबू आला, मग आंबटसर हिरवं सफरचंद. त्याच्यामागून ताज्या लोण्याचा वास आला आणि त्यांना उगीचच घुसळखांब आठवला. मग ते थबकले. डोळे मिटून त्यांनी पुन्हा वास घेतला.

"लाकूड आहे यात," ते म्हणाले. "सागवान नाही. भट्टीत घाईनं वाळवलेलं नाही. उन्हापाण्यात पडून होतं, दोन-तीन वर्षं. अन् आतून शेकलं आहे."

नंदिनी बघतच राहिली. ते पिंपाचं ओकचं लाकूड होतं, फळ्या खरोखरच तीन वर्षं उघड्यावर ठेवलेल्या, पिंप आतून विस्तवावर शेकलेलं. मग ती बोलत सुटली. तिकडच्या थंडीत द्राक्ष हळूहळू पिकतं, म्हणून गोडी आली तरी आंबटपणा शाबूत राहतो. इथल्या उन्हात चव यायच्या आतच ते नुसतं गोड होऊन बसेल. रस पिंपातच आंबतो. मग विरजणातल्या जिवाणूंचेच भाऊबंद सफरचंदाच्या बोचऱ्या आंबटपणाचा दुधासारखा मऊ आंबटपणा करतात, लोण्याचा वास येतो तो तिथून. तळाला बसलेला गाळ ती दर आठवड्याला दांड्यानं हलवते, दहा महिने. आणि लाकूड पुढे पुढे करायला लागलं की फळ मरतं, तेव्हा ते किती बोलू द्यायचं, हे तिचं तिनं ठरवायचं.

कसं कळतं तुले, असं देवाजींनी विचारलं. तुम्हाला कसं कळायचं, असं तिनं उलट विचारलं. लेक आपल्याच वाटेनं गेली होती आणि आपण नऊ वर्षं ती वाट लोकांपासून लपवली, हे त्यांना आतून लागलं. त्यांनी ग्लास तोंडाला लावला नाही. मोरीत ओतला, दोनदा विसळला, आणि जेवायला बसले.

सकाळी विहार पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला. पंचशील सुरू झालं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि देवाजींचा आवाज बसला. शेजारी बायजाबाईंनी मान वळवून पाहिलं. पाचवं शीलही त्या दिवशी त्यांनी हळूच म्हटलं.

सत्काराची वेळ आली. शाल हातात धरून बायजाबाईंनी देवाजींना बोलायला उभं केलं. नंदिनीनं पर्स मांडीवर ओढून घेतली होती. देवाजींना ते दिसलं.

"माही पोरगी वाइन बनवते," ते म्हणाले. "रस नाही. मले हे काम पटत नाही, आजही नाही पटत. पण ते ती खरेपणानं करून राहिली. खोटं मी बोललो. अडतीस वर्षं ओलं लाकूड सुकं म्हणून कोणाले देल्लं नाही मी. पण लेकीबद्दल तुम्हाले तेच देत आलो."

बायजाबाई नंदिनीकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, तू पेतेस का? नंदिनी म्हणाली, तोंडात घेते, चव पाहते, थुंकून टाकते. कामापुरतं. बायजाबाईंनी शालीची नीट घडी घातली आणि ती आपल्या काखेत धरली. लोकांनी माना खाली घातल्या. देवाजींना वाटलं, गेलं सगळं.

बायजाबाई खिरीच्या पातेल्याकडे गेल्या. द्रोणात खीर वाढून त्या नंदिनीपुढे आल्या.

"शाल नाही भेटणार तुले," त्या म्हणाल्या. "खीर घे. घरची पोरगी आहेस." मग देवाजींकडे वळल्या. "अन् देवाजी गा, तू आतापासून चौथं शील मोठ्यानं म्हणजो."

नंदिनीनं पर्स बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी द्रोण घेतला. रडत रडत तिनं ती खीर संपवली आणि आणखी मागितली.