आवडाबाईचा फोटो

हरिहर नाखवा बायकोला घेऊन कोपरीतल्या घरी आला तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, साहेब रजेवर आलेत. कुणीतरी हार आणला. हरिहरने तो हातातच घेतला. मान वाकत नव्हती.

साल त्र्याण्णव. मिठबंदरावर होडी असलेल्या दामाजीचा हा मुलगा परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात लागला होता. आधी युरोप, मग आफ्रिका, आणि शेवटी शेजारच्याच एका देशाची राजधानी. तिथे भर दुपारी, औषधाच्या दुकानाबाहेर त्याला गाडीत कोंबून नेलं. दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या फाटकाशी आणून सोडलं, आणि वर त्या सरकारने त्यालाच हेर ठरवून देशाबाहेर काढलं.

घरात तो बोलेना. काही सांगायचं असलं की आधी रेडिओ मोठा करायचा. फोनचा रिसीव्हर उघडून बघायचा. जेवताना जिन्यावर पाऊल वाजलं की घास तसाच हातात राहायचा.

"सूनबाई, काय जालं गो याला?" हरिहरच्या आईने, आवडाबाईने विचारलं.

"आई, तिकडे आमच्या घरात ऐकायची यंत्रं होती," वासंती हळूच म्हणाली. "आम्ही दोघं पाटीवर लिहून बोलायचो, लगेच पुसायचो. अजून सवय गेली नाही. त्या दिवशी काय झालं ते मलाही सांगत नाहीत."

दामाजीने ऐकलं. सकाळी भरती लागल्यावर त्याने मुलाला होडीत बसवलं. खाडीकाठची तिवरं मागे पडली, कळव्याचा पूल लहान दिसायला लागला, तेव्हा त्याने वल्हं आत घेतलं.

"बोल आता. हितं कोन नाय ऐकाला."

हरिहरने एकदा काठाकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "मारलं त्याचं काही नाही, बाबा. त्यांनी टेबलावर आयेचा फोटो ठेवला. जांभळी नाक्यावर मासळीची टोपली पुढ्यात घेऊन बसलेली. शेजारी माझा शाळेतला फोटो. म्हणाले, तुझी आई पहाटे एकटीच निघते ना?"

दामाजी सरकून मुलाच्या समोर बसला.

"आमचं काम कर म्हणाले. मी... विचार करतो म्हणालो. सुटायचं होतं. दिल्लीला बाकी सगळं सांगितलं, एवढं नाही सांगितलं. पण तो फोटो त्यांना मिळाला कुठून, बाबा? कुणीतरी इथवर येऊन गेलं."

"आयलेला," दामाजी म्हणाला. "दिवालीच्या आधी. दिल्लीच्या मासिकातून आयलो म्हनला. कोळ्याचा पोर साहेब जाला, त्यावर लिवायचं हाय. आयेने त्याला जेवू घातलं, त्याने नाक्यावर तिचा फोटो काडला. तुजा फोटो आमीच दिला रं."

होडी भरतीबरोबर नुसतीच सरकत राहिली. दोघांनाही काठावर परत जाऊ नये असं वाटत होतं.

शेवटी दामाजीच म्हणाला, "दिल्लीला जा. सगला सांग."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. नाय सांगितलंस तर ते परत येतील. मग काय बोलशील त्यांना?"

दोन दिवसांनी दामाजी त्याला दिल्लीच्या गाडीत बसवून द्यायला कल्याणला गेला. फलाटावर मागून एका माणसाने हरिहरच्या खांद्याला हात लावला. "भाईसाब, एस-फोर इधरही आयेगा?" हरिहरच्या हातातून बॅग पडली. माणूस ओशाळून पुढे गेला. दामाजीने मुलाचा हात धरला. गाडी आली. मुलाला चढवून उतरायच्याऐवजी दामाजी त्याच्या शेजारी बसला. अंगावरच्या सदऱ्या-पायजम्यानिशी, पायात स्लिपर. कल्याणच्या पुढे तो कधी गेला नव्हता.

"बाबा, तिकीट?"

"मास्तर येल तवा काढू."

दिल्लीत बंद खोलीत चौकशी चालली तेव्हा दामाजी बाहेरच्या बाकावर बसून राहिला. दार उघडलं की तो उभा राहायचा. मुलगा बाहेर येईल की त्याला नेतील, हे त्याला कळत नव्हतं. संध्याकाळी हरिहर बाहेर आला, भिंतीला टेकला आणि रडला.

नोकरी गेली नाही. पण पुढची काही वर्षं त्याला परदेशी पाठवलं नाही. जुन्या कागदांच्या विभागात बसवलं. कोपरीत साध्या कपड्यातले दोन पोलीस महिनाभर घराभोवती फिरले, मग तेही दिसेनासे झाले. आवडाबाईला फोटोचं तेव्हाच कळलं. मासिकवाला कोण होता, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

अठ्ठ्याण्णवमध्ये एका लहानशा बेटावरच्या वकिलातीत त्याची नेमणूक झाली. सांगायला तो घरी आला.

"नको जाऊ," आवडाबाई म्हणाली.

"आये, तिथं कुणी काही करणार नाही."

"तवा पन असंच बोललेलास."

तो गेला. आवडाबाई जांभळी नाक्यावर बसतच राहिली. पण अनोळखी गिऱ्हाईक जरा जास्त वेळ बघत राहिलं, की ती पदर तोंडावर ओढायची आणि टोपलीत बोंबील असूनही म्हणायची, "संपली मासली. पुढं जा."