अक्कम्माच्या नावावर आठ दिवस

"दिवाणजी, ही अक्कम्मा अठ्ठावन्नची झाली की ओ." मुकुंदशेठनं हजेरीबुकावर बोट ठेवलं. "गेल्या म्हैन्यातच. तुमी बोलला न्हाईत?"

शरच्चंद्र दिवाणजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. चोवीस माणसांचा चादरीचा कारखाना. पगार, रजा, फंड, सगळं त्यांच्याच हातचं. ही तारीख येणार हे वर्षभर ठाऊक होतं. पण मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं तसं त्यांनी चालवलेलं.

"राहून गेलं," ते म्हणाले.

"असं कसं राहतंय? गुरुवारी फंडाचा इन्स्पेक्टर येतोय. शनवारी तिला नारळ द्या, फारम भरा." शेठ खिडकीतून कांडीखात्याकडं, रहाटावर सूत भरणाऱ्या बायकांकडं बघत उठला. "बाई टणक हाय पण. एक केस पांढरा न्हाय."



कारण ती अक्कम्मा नव्हतीच. अक्कम्मा तिची आई. चोपन्न साली खोकून खोकून आई अंथरुणाला खिळली आणि सतरा वर्षांची गौरम्मा कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. नवं माणूस घ्यायचं नाही, असं थोरल्या मालकांनी बजावलेलं. "आईच्या नावावर बस आठ दिवस," दिवाणजी बोलून गेले. दया आली, दुसरं काय. आठवड्यात आई गेली. आता नाव बदलायचं तर मालकांना सगळं सांगायला हवं, आणि यांची जीभ काही रेटेना. त्या आठ दिवसांची तेवीस वर्षं झाली. पुढं निघालेल्या फंडाच्या कार्डावर अंगठा गौरम्माचा, नाव आणि वय आईचं. जुन्या बायका गेल्या, थोरले मालक गेले. राहिलेले सगळे तिला अक्कम्माच म्हणायचे.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला हौदापाशी गाठलं.

"कळलं मला," पदराला चिकटलेलं सूत झटकत ती म्हणाली. "मी चाळीसची हाय ओ दिवाणजी. धाकटी आजून सातवीत हाय. नवरा घरात बसून. शेठला खरं काय ते सांगा की."

"सांगितलं तर खोटी हजेरी म्हणतील. तुझा फंड अडकेल. आणि मला..."

"तुमाला काय?"

"मला दीड वर्ष राहिलंय रिटायर व्हायला."

"तुमचं दीड व्हय," ती म्हणाली. "माझी अठरा राहिलीत की."



गुरुवारी इन्स्पेक्टरनं कार्ड उलटलं, तिला बोलावलं, नखशिखांत बघितलं. "वय काय बाई तुमचं?"

दिवाणजींनी टेबलाची कड घट्ट धरली. आता बोलली की संपलं.

"बुकात हाय तेच," गौरम्मा म्हणाली.

"तेल कुठलं लावता? माझ्या बायकोला सांगतो," इन्स्पेक्टर हसला आणि त्यानं दुसरं कार्ड घेतलं.

शनिवारी नारळ झाला, चादर झाली. मुकुंदशेठ वाकून तिच्या पाया पडला. "आईसारख्या तुमी," म्हणाला. तो बेचाळीसचा होता.

सोमवारी सकाळी ती दिवाणजींच्या दारात. "पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात माणसं घ्यालेत. तितल्या कारकुनाची तुमची वळख हाय न्हवं? चला."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? गेले.

तिथल्या कारकुनानं वही उघडली. "नाव?"

"गौरम्मा." पाहुण्या बाईचं नाव घ्यावं तसं तिनं ते घेतलं.

"या आधी कुटं काम केलंय?"

जुन्या कारखान्याचं नाव निघालं की हा माणूस चौकशी करणार, आणि मुकुंदशेठच्या बुकात गौरम्मा कुठंच नाही. तिनं एकदा दिवाणजींच्या चेहऱ्याकडं बघितलं.

"कुटं न्हाय," ती म्हणाली.

"मग शिकाऊ म्हणून. पगार निम्मा. जमलं तर पुढं बघू."

आत रहाटाशी बसलेल्या एका तरण्या बाईनं सरकून तिला जागा दिली. "असा धागा धरायचा मावशी. तुटला तर भ्यायचं न्हाय."

"व्हय," गौरम्मा म्हणाली. तिनं धागा हातात घेतला, मुद्दामच दोन बोटं चुकीची धरली, आणि ती बाई दाखवेल तसं मान लववून बघत राहिली.