बियाण्याचं गवत

“दादा, वाट सोड. चाळीस मेंढरं होती, सव्वीस उरलीत.”

हरिबा धाकटा भाऊ. थोरला धुळाजी दगडी बांधाच्या खिंडीत काठी आडवी धरून उभा होता. त्याच्या मागे डोंगराच्या माथ्यावर गुडघाभर मारवेल गवत होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. बालाघाटाच्या या अंगाला गवत म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. खालचं सगळं विळ्यानं कापून घरोघर वाटून झालं होतं. माथा मात्र गावच्या संस्थेनं बियाण्यासाठी राखला होता.

“बी पडू दे, मग बघू,” धुळाजी म्हणाला.

“बी पडंस्तोवर मेंढरं पडतील की.”

धुळाजीला ते कळत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षांपूर्वी चराईबंदी करताना अख्ख्या गावानं बिरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली होती. राखणदार म्हणून त्याला, एका धनगराला, नेमलं तेव्हा लोक हसले, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणाले. धुळाजीनं त्याच महिन्यात स्वतःची सगळी मेंढरं विकून टाकली होती.

“गावाच्या जनावरांना हाकललंय म्या. तुझी कशी सोडू?”

हरिबानं कळप वळवला. कडा गावच्या साखर कारखान्याकडे उसाचं वाढं मिळतंय का बघायला तो निघून गेला. त्या दिवशी धुळाजीच्या बायकोनं, बायडाबाईनं, त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि पाठ फिरवली.

अकरा दिवसांनी बुलडोझर चढावर आला. मागून मोटरसायकलवर संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव.

“धुळाजी, बांध उघड बे. वर पवनचक्क्या बसायच्यात. ना धूर, ना कोळसा. गावाचं भलंच हाय.”

“आन गवत, आप्पा?”

“गवताचं काय घिऊन बसलास? माथा द्यायचा ठराव होऊन पंधरा दिस झाले. तुला सांगायचं राहून गेलं.”

धुळाजीनं हिशोब केला. हरिबा खिंडीत आला, त्याच्या चार दिवस आधीच ठराव झाला होता. बांध त्यानं उघडला नाही, बुलडोझरला अडवलंही नाही. बुलडोझरनं दगड लोटले आणि दुपारपर्यंत माथा खरवडून काढला.

दुसऱ्या दिवशी तो कड्याच्या रस्त्याला लागला. संध्याकाळच्या सुमाराला एका वाळक्या बाभळीखाली हरिबा दिसला. नऊ मेंढरं उरली होती.

“ते गवत आधीच दिऊन टाकलंतं,” धुळाजी म्हणाला. “तू आलतास तवाच. मला ठावं नव्हतं.”

हरिबा उठला, त्यानं अंगावरचं घोंगडं झटकलं.

“ही चालत न्हाई,” बसलेल्या मेंढीकडे काठी करून तो म्हणाला. “हिला तू घे.”

धुळाजीनं वाकून मेंढी खांद्यावर घेतली. उठताना जोर लावावा लागेल असं त्याला वाटलं होतं. तो लागला नाही.