मागची लिफ्ट

"ओ मावशी, तिकडं कुठं? कामवाल्यांची लिफ्ट मागं हाय."

वॉचमन राकेशनं हाक मारली आणि मेथीची जुडी घेऊन लिफ्टकडं निघालेली चतुराबाई गर्रकन वळली. नाशकात, गंगापूर रोडच्या या सोसायटीत लेकाकडं राहायला येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. अंगावर नऊवारी, कपाळावर गोंदण, पायात रबरी चप्पल. राकेशचं तरी काय चुकलं म्हणा! असल्या लुगड्यातली बाई पुढच्या लिफ्टमधून उतरताना त्यानं कधी बघितलीच नव्हती. शेजारी एक मॅडम कुत्र्याची साखळी धरून उभ्या होत्या. कुत्र्याला मात्र पुढची लिफ्ट चालत होती.

"मावशी कुणाला म्हणतो रे? शेखरशेठची आई हाय मी, सातव्या मजल्यावरच्या! डोळे काय घरी ठेवून आला का?"

राकेश गडबडला. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"अगं चतुरे! तूच का गं?"

चतुराबाईनं मान वळवली. सुलाबाई. खांद्याला पिशवी, अंगानं वाळलेली, पण हसणं तेच, अख्ख्या तोंडाचं. धावत आली आणि चतुराबाईचा दंड धरायला तिनं हात पुढं केला.

लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या खळ्यात या दोघींनी एका बारदानावर बसून उभं आयुष्य कांदा निवडला होता. मोठा इकडं, बारकी गोल्टी तिकडं, सडका मागं. खळ्यातल्या बायकांची एक रीत होती. दुपारी भाकरी सोडली की बुक्कीनं कांदा फोडायचा आणि मधला गाभा आपल्या जोडीदारणीच्या भाकरीवर ठेवायचा. आपण पाकळ्या खायच्या. आपला गाभा आपणच खाणारी बाई हलकी गणली जायची.

पुढं शेखर हमालीतून दलालीत शिरला, दलालीतून स्वतःच्या खळ्याचा मालक झाला. चतुराबाई बारदानावरून उठून खुर्चीवर बसली, तरी सुला तिच्याच खळ्यात कांदा निवडत राहिली. मग मशीन आलं. आता कांदा पट्ट्यावरून पळतो आणि जाळीतून आपोआप वेगळा होतो. त्या मशीनपुढं नारळ चतुराबाईनंच फोडला, पेढेही तिनंच वाटले. पेढा खाऊन बायका घरी गेल्या त्या गेल्याच. सुला कुठं गेली ते चतुराबाईनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

"बघा," राकेशला जोर आला, "वळख बी निघाली. चला, दोघी मागनं चला."

कुत्र्याच्या मॅडमनी चतुराबाईला डोक्यापासून चपलेपर्यंत बघून घेतलं. ते बघणं चतुराबाईला झोंबलं.

"मी हिला वळखत नाय," ती म्हणाली. "असल कुणीतरी."

सुलाबाईचा पुढं आलेला हात परत फिरला आणि उगाच पदर सारखा करत राहिला.

"चुकलं बाई माझं. हल्ली डोळ्याला नीट दिसत नाय," एवढं बोलून ती इमारतीच्या मागं निघून गेली.

पुढच्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे. बघावं तिकडं चतुराबाईच. तिनं मान खाली घातली आणि सातवा मजला येईस्तोवर कुत्र्याकडं बघत राहिली.

घरात येऊन मेथी खाली ठेवते न ठेवते तोच बेल वाजली. सून उज्वलानं दार उघडलं.

"आई, या सुलाबाई. आजपासून धुणंभांडी याच बघतील. तुमच्या लासलगावच्याच आहेत म्हणे. ओळख निघते का बघा!"

उज्वला खळ्यावर कधी गेली नव्हती, तिला काय ठाऊक! चतुराबाईनं तोंड उघडलं. हीच वेळ होती. पण सुलाबाई आधी बोलली.

"नाय हो मॅडम. लासलगाव लय मोठं. या आजींना आज पहिल्यांदाच बघते मी."

आजी! दोघींनी एकाच वर्षी एकमेकींच्या लेकांची बारशी जेवलेली.

सुलाबाई भांड्यांना बसली. उज्वला आत फोनवर बोलत होती. चतुराबाई मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. चार शब्द बोलायचे होते, साधेच. पण या बाईनं जन्मात कुणापुढं मान वाकवलेली नव्हती. जिभेला वळणच नव्हतं, वळणार कुठून?

"कढईला बुडाशी राहिलंय बघा," ती म्हणाली.

"व्हय आजी," म्हणत सुलाबाईनं कढई पुन्हा घासली.

बोलून गेल्यावर चतुराबाईला आपलीच जीभ हासडून टाकावीशी वाटली. ती देवघरापुढं जाऊन बसली, पण देवाकडंही तिला बघवेना.

दुपारी काम आटोपून सुलाबाईनं पिशवी उचलली.

"अगं, जेवायला कुठं निघाली ती?" चतुराबाईनं सुनेला विचारलं.

"खाली, पार्किंगच्या मागे. सगळ्या बायका तिथंच डबे खातात. मग पुढच्या घरी जातात. तसाच नियम आहे आई सोसायटीचा."

चतुराबाई स्वयंपाकघरात गेली. टोपलीतला चांगला मोठा कांदा तिनं निवडला, काळ्या ग्रॅनाइटवर ठेवला आणि बुक्की हाणली. बरण्या हादरल्या.

"अहो आई, सुरी आहे ना!"

"राहू दे तुझी सुरी."

पाकळ्या तिथंच टाकून मधला गाभा मुठीत घेऊन ती खाली उतरली. सवयीनं पुढच्याच लिफ्टनं उतरली, हे खाली आल्यावर तिच्या ध्यानात आलं. इमारतीला वळसा घालून मागं गेली, तर बायकांचं जेवण उरकलं होतं. डबे पिशवीत गेले होते आणि सगळ्या मागच्या लिफ्टमध्ये शिरत होत्या. लिफ्टमध्ये झाडू, बादल्या, कचऱ्याचे डबे आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीनं उभ्या बायका. भिंतीला टेकून सुलाबाई.

चतुराबाईनं एक पाऊल आत टाकलं. मूठ उघडली.

"सुले..."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुलाबाईनं तो गाभा बघितला. तिच्या डोळ्यांत राग असता तर चतुराबाईला सोपं गेलं असतं.

"आजी," ती हळू आवाजात, एखाद्या चुकलेल्या माणसाला वाट दाखवावी तशी म्हणाली, "तुमची लिफ्ट पुढं हाय."

चतुराबाईनं पाऊल मागं घेतलं. दार मिटलं.

राकेश पळत आला. सकाळचं मनात धरून त्यानं आधी कडक सलाम ठोकला.

"आईसाहेब, तुम्ही इकडं घाणीत कुठं? चला, मी सोडतो पुढं."

चतुराबाईनं मूठ मिटून पदराखाली घेतली आणि खाली मान घालून त्याच्या मागं चालू लागली.